अर्ज मागे घेतला, पण पैसे?

बारामतीहून फलटणच्या रस्त्याला लागलं की नीरा नदीच्या अलीकडे सांगवी येते. सगळा उसाचा पट्टा, माळेगावचा सहकारी साखर कारखाना जवळच. या भागातली मुलं शिकून पुण्या-मुंबईत इंजिनिअर होतात. काही अमेरिकेत एमएस करून एच-१बी व्हिसावर नोकरीला लागतात आणि पुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकतात. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण सात टक्केच येतात, त्यामुळे भारतीयांची रांग पिढी सरेल इतकी लांबली आहे. मग कुणीतरी ईबी-५ व्हिसाचं नाव काढतं. गुंतवणूक करा, दहा नोकऱ्या तयार होऊ द्या आणि ग्रीन कार्ड घ्या. मुलगा गावाकडे फोन करतो आणि बोलणं जमिनीपाशी येऊन थांबतं.

पैसे कसे भरायचे हे सांगायला पुष्कळ लोक असतात. या लेखात उलटा प्रवास आहे. मुलाचं ग्रीन कार्डधारक मुलीशी लग्न ठरलं, नोकरी गेली, वडील आजारी पडले म्हणून परत यायचं ठरलं किंवा प्रकल्पावरचा विश्वासच उडाला, म्हणून अर्ज मागे घ्यायचा आहे. अशा वेळी भरलेली रक्कम परत येते का, कुठून येते आणि कोणत्या क्रमाने पावलं टाकायची, हे नीट समजून घेऊ.

आधी रकमेचा अंदाज घेऊ. अमेरिकेच्या संसदेने ईबी-५ची तरतूद १९९० साली केली. बरीच वर्षं किमान गुंतवणूक दहा लाख डॉलर होती, ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात पाच लाख. १५ मार्च २०२२ रोजी सुधारणा कायदा झाला आणि हे आकडे १०,५०,००० आणि ८,००,००० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांना धरला तर आठ लाख डॉलर म्हणजे ६ कोटी ८० लाख रुपये. त्यावर फंडाची प्रशासकीय फी असते, ती बहुधा ५०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त. वकिलाची फी आणि सरकारी अर्जाची फी आणखी वेगळी.

आता मुख्य मुद्दा. अर्ज अमेरिकी सरकारच्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे असतो. पैसे सरकारकडे नसतात, ते एका खासगी फंडाकडे असतात. अर्ज मागे घेतल्याचं पत्र सरकारला गेलं तरी त्या पत्राने फंडावर पैसे परत करण्याचं कोणतंही बंधन येत नाही. अर्जदार आणि सरकार यांचा व्यवहार एक, अर्जदार आणि फंड यांचा करार दुसरा. बहुतेक घरं इथेच फसतात. आपण हात काढून घेतला की रक्कम आपोआप मागे येईल, असं गृहीत धरलेलं असतं. तसं कुठेच लिहिलेलं नसतं.

कॅनडाच्या जुन्या योजनेमुळे हा समज आणखी पक्का झाला असावा. तिथे गुंतवणूकदार सरकारला बिनव्याजी रक्कम देत असे. ती आधी चार लाख कॅनडियन डॉलर होती, २०१० पासून आठ लाख झाली, आणि पाच वर्षांनी सरकारच ती परत करत असे. ती योजना २०१४ साली बंद झाली. ईबी-५चा पाया याच्या नेमका उलटा आहे. इथे पैसा जोखमीत असलाच पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. १९९८ सालच्या इझुमी प्रकरणापासून हे तत्त्व पक्कं आहे की ठरावीक काळानंतर पैसे परत देण्याची हमी असेल तर ती गुंतवणूक नव्हे, कर्ज आहे. २०२२ च्या कायद्यानेही हमखास परताव्याचा किंवा ठरलेल्या वेळी हिस्सा परत विकण्याचा हक्क देणारा करार स्पष्ट शब्दांत बाद ठरवला. म्हणून कुणी एजंट ‘कधीही बाहेर पडा, पैसे परत मिळतील’ असं लिहून देत असेल, तर तो कागद तुमचा अर्जच धोक्यात घालतो. आणि तो नुसतं तोंडी सांगत असेल, तर त्या सांगण्याला काहीही किंमत नाही.

मग पैसे परत येतच नाहीत का? येतात. पण ते आज कुठे आहेत, यावर सगळं ठरतं.

रकमेचा पहिला मुक्काम बहुधा एस्क्रो खात्यात असतो. बँक ती त्रयस्थ म्हणून सांभाळते आणि ठरलेली अट पूर्ण झाल्यावरच फंडाला देते. काही फंडांत अर्ज दाखल होऊन पावती आली की पैसे सुटतात, काहींत अर्ज मंजूर झाल्यावर. हा फरक कोट्यवधींचा आहे. रक्कम एस्क्रोत असताना अर्ज मागे घ्यायचं ठरवलं, तर परतीची शक्यता सगळ्यात जास्त असते. पण तिथेही एस्क्रो करारातला एक शब्द तपासावा लागतो. अर्ज नामंजूर झाल्यावर रक्कम परत करण्याची तरतूद असू शकते आणि ती बऱ्याच करारांत असते. पण नामंजूर होणं वेगळं आणि स्वतःहून मागे घेणं वेगळं. कित्येक करारांत परतीच्या कलमात फक्त नामंजुरीचाच उल्लेख असतो. माघारीबद्दल एक अक्षर नसतं, किंवा असलं तर तो निर्णय फंडाच्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोडलेला असतो. अर्ज मुद्दाम पडू दिला, खात्याच्या शंकापत्राला उत्तर दिलं नाही, तर तेही काही करारांत परतीच्या कलमाबाहेर काढलेलं असतं. त्या वाटेने जाऊ नये. त्याचा डाग पुढच्या व्हिसा अर्जांवरही पडू शकतो.

दुसरा मुक्काम फंड. कागदोपत्री ही एक भागीदारी किंवा मर्यादित कंपनी असते आणि तुम्ही तिचे छोटे भागीदार असता. रक्कम फंडाच्या खात्यात आहे, पण प्रकल्पाला अजून दिलेली नाही, एवढ्या टप्प्यावरही बोलणी होऊ शकतात. सगळ्यात व्यवहार्य तोडगा म्हणजे तुमच्या जागी नवा गुंतवणूकदार. फंडाकडे नवा अर्जदार आला की त्याच्या पैशातून तुमचा हिस्सा मोकळा केला जातो. फंड चांगला चालत असेल आणि मागणी असेल तर हे काही महिन्यांत होतं. नवे अर्जदार येत नसतील तर तुम्ही वाट बघत बसता. करारात ‘बदली गुंतवणूकदार मिळाल्यास’ असे शब्द असतील, तर त्यांचा अर्थ इतकाच की मिळाला नाही तर काहीही देणं लागत नाही.

तिसरा मुक्काम प्रकल्प. हॉटेल, रुग्णालय, इमारतींचं संकुल, काहीही. फंड सहसा प्रकल्पाच्या कंपनीला कर्ज देतो. मुदत बहुधा पाच वर्षांची, वर मुदतवाढीची तरतूद. पैसे सिमेंट आणि सळईत गेले की अर्ज मागे घेतला काय आणि न घेतला काय, कर्ज फिटेपर्यंत थांबावं लागतं. गव्हाणीत पडलेला ऊस परत मागता येत नाही, साखरेच्या हिशेबाचीच वाट बघावी लागते, तसं. इथे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. कर्जाची मुदत कधी संपते? त्या प्रकल्पावर बँकेचं आधीचं कर्ज आहे का, आणि वसुलीत पहिला हक्क बँकेचा आहे का? तारण काय आहे? आधी कर्ज देणाऱ्या बँकेचा हक्क पहिला असेल, तर मंदीच्या काळात ईबी-५च्या पैशाला शेवटचं स्थान मिळतं.

कर्ज फिटून पैसे फंडात परत आले तरी एक अडचण राहते. फंडात अजून अर्जावर वाट बघणारे गुंतवणूकदार असतील तर व्यवस्थापक ती रक्कम दुसऱ्या प्रकल्पात गुंतवतो. तुमचा अर्ज मागे गेलेला असेल, तर ‘माझं इमिग्रेशनचं प्रयोजन संपलं आहे, माझा हिस्सा पुन्हा गुंतवू नका’ असं लेखी कळवून ठेवा. २०२२ च्या कायद्यानंतर अर्ज केलेल्यांबाबत खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं की गुंतवणूक किमान दोन वर्षं टिकलेली असावी लागेल. पण ही अट ग्रीन कार्ड हवं असलेल्यांसाठी आहे. माघार घेणाऱ्याचा हात ती बांधत नाही, आणि फंडाने तिचं निमित्त पुढे केलं तर ते मान्य करू नका.

चौथा मुक्काम कुणालाच नको असतो. तो म्हणजे कोर्ट. दोन खटल्यांवरून एस्क्रोचं महत्त्व लक्षात येईल. शिकागोच्या विमानतळाजवळ मोठं हॉटेल आणि अधिवेशन केंद्र बांधायचं सांगून एका प्रवर्तकाने २५० हून जास्त, मुख्यतः चिनी गुंतवणूकदारांकडून १४ कोटी ५० लाख डॉलर गोळा केले. त्याशिवाय १ कोटी १० लाख डॉलर प्रशासकीय फी घेतली. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने, म्हणजे एसईसीने, फसवणुकीचा दावा लावून खाती गोठवली. मूळ रक्कम एस्क्रोत होती म्हणून ती गुंतवणूकदारांना परत मिळाली. व्हिसा नाकारला गेला तर प्रशासकीय फी परत करू, असं सांगितलं होतं. एसईसीच्या म्हणण्यानुसार त्या फीचा ९० टक्क्यांहून जास्त भाग आधीच खर्च झाला होता.

दुसरा खटला व्हरमाँट राज्यातल्या जे पीक या बर्फावरच्या खेळांच्या रिसॉर्टचा. एप्रिल २०१६ मध्ये एसईसीने कारवाई केली. सत्तरहून जास्त देशांतल्या गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी करून ती एका प्रकल्पातून दुसऱ्यात वळवली, असा आरोप होता. इथे पैसे एस्क्रोत नव्हते, वापरले गेले होते. कोर्टाने रिसीव्हर नेमला. २०१७ मध्ये पैसे ज्यांच्या खात्यांतून फिरले त्या ब्रोकर कंपनीने १५ कोटी डॉलरची तडजोड केली. रिसॉर्ट २०२२ साली विकलं गेलं, म्हणजे कारवाईनंतर सहा वर्षांनी. त्याच वर्षी मालक आणि त्याचा सहकारी दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. अशा प्रकरणात अर्ज मागे घेतला आहे की नाही, याने फरक पडत नाही. रिसीव्हरकडे मुदतीत दावा दाखल केला की नाही, याने पडतो. अमेरिकी केंद्रीय कायद्यात रोखे फसवणुकीचा खासगी दावा फसवणूक लक्षात आल्यापासून दोन वर्षांत आणि ती घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. ‘होईल काहीतरी’ म्हणत बसलेल्या माणसाचा हक्क तारखेनेच संपतो.

आता कृतीचा क्रम. तो मी मुद्दाम उलटा सांगतो, कारण घाईत लोक नेमकं शेवटचं पाऊल आधी टाकतात.

अर्ज मागे घेण्याचं पत्र सगळ्यात शेवटी. अमेरिकी नियमांप्रमाणे निर्णय होण्याआधी अर्ज कधीही मागे घेता येतो, पण एकदा मागे घेतला की ती माघार रद्द करता येत नाही. सरकारी फी परत मिळत नाही. आणि त्या अर्जामुळे मिळालेली रांगेतली तारीखही जाते. अर्ज आधीच मंजूर झाला असेल तर गोष्ट वेगळी. मुलगा अमेरिकेतच असेल आणि ईबी-५ अर्जाबरोबरच ग्रीन कार्डाचा अर्ज भरून त्याच्या आधारावर काम करत असेल, तर माघारीबरोबर तो आधारही निघून जातो. एच-१बी आधीच सोडला असेल तर त्याचं तिथलं राहणंच बेकायदा ठरू शकतं. म्हणून पत्र पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. आणि तो वकील फंडाने सुचवलेला नसावा.

त्याआधी फंडाशी लेखी तडजोड. त्यात रक्कम, तारीख, कोणत्या खात्यात येणार, प्रशासकीय फीचं काय आणि उशीर झाला तर काय, एवढं स्पष्ट हवं. तडजोडीच्या बदल्यात फंड सगळे दावे सोडून देण्याचा कागद पुढे करतो. पैसे खात्यात जमा होण्याआधी तो सही करून हातात देऊ नका.

आणि त्याच्याही आधी कागद. खासगी विक्रीचं माहितीपत्रक, वर्गणीचा करार, भागीदारीचा करार, एस्क्रोचा करार, प्रकल्पाला दिलेल्या कर्जाचा करार. माहितीपत्रक दोनशे-तीनशे पानांचं असतं, पण लागतात ती पानं थोडी. परतावा, हिस्सा हस्तांतरण, पैसे पुन्हा गुंतवणं आणि वाद सोडवण्याची जागा यांच्यावरची. यातलं काही जवळ नसेल तर फंडाकडून मागा. बरेच फंड डेलावेअर राज्यात नोंदवलेले असतात. तिथल्या कायद्याने भागीदाराला योग्य कारणासाठी हिशेब आणि कागद तपासण्याचा हक्क दिलेला आहे. लेखी मागणी केली की व्यवस्थापकाला उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर कोर्टात जाता येतं. २०२२ च्या कायद्याने दोन गोष्टी आणखी दिल्या आहेत. फंडाच्या खात्यावर स्वतंत्र प्रशासक किंवा दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण असावं लागतं, आणि परदेशातल्या एजंटांनाही यूएससीआयएसकडे नोंद करून आपली दलाली उघड करावी लागते. तेव्हा ज्या एजंटाने पुण्यातल्या हॉटेलात सभा घेतली, त्याच्याकडे आय-९५६के फॉर्मची नोंद आणि दलालीचा आकडा मागण्यात संकोच करू नका.

आता इकडचा भाग, आणि माझ्या मते सांगवीच्या घरांसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हा पैसा कायदेशीर मार्गाने कमावलेला आहे, हे अर्ज करताना सिद्ध करावं लागतं. म्हणून सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, इंडेक्स टू, कारखान्याची ऊसबिलं, भूसंपादनाच्या मोबदल्याचा निवाडा, सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडलेलं असतं. त्या कागदांवर नावं कुणाची आहेत? दोन भावांची, आईची, कधी बहिणींचीही. जमीन सगळ्यांची विकली आणि पैसे मात्र एकाच पुतण्याच्या नावाने अमेरिकेत गेले. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. त्यामुळे चार जणांच्या खात्यांतून प्रत्येकी दोन लाख जातात, किंवा दोघे जण ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे पाठवतात. बहुतेक वेळा ही रक्कम मुलाला भेट म्हणून दिलेली असते, आणि तसं भेटपत्र अर्जात जोडलेलं असतं. भेट दिली म्हणजे पैसा मुलाचा झाला. फंड रक्कम परत करेल ती त्याच्या खात्यात, काका किंवा आत्याच्या नव्हे. ‘परत आले तर वाटून घेऊ’ असं घरात ठरलं असेल, तर ते कागदावर कुठेच नाही. उलट तशी गुप्त अट असल्याचं पुढे आलं तर भेट खरी नव्हती असा अर्थ निघून अर्जालाच धक्का बसतो. म्हणून भावाभावांतला हिशेब पैसे पाठवण्याआधी करा. ज्याचा वाटा मुलासाठी जाणार नाही, त्याला त्याचा वाटा जमीन विकली त्या दिवशी त्याच्या खात्यात द्या.

कराचं गणितही आधीच करून ठेवा. एलआरएसमधून गुंतवणूक किंवा भेट म्हणून वर्षाला दहा लाख रुपयांहून जास्त पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. दोन लाख डॉलर म्हणजे ८५ च्या दराने १ कोटी ७० लाख. त्यातले दहा लाख वजा केले तर १ कोटी ६० लाखांवर ३२ लाख. चौघांचे मिळून १ कोटी २८ लाख. हा खर्च नाही, ती आगाऊ भरलेली कराची रक्कम आहे आणि आयकर विवरणपत्रात ती वळती करून मागता येते. पण फंडाने पैसे परत केले म्हणून बँक टीसीएस परत करत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आणि गावातली शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, म्हणून जे विवरणपत्र भरतच नाहीत, त्यांचे ३२ लाख तसेच अडकून पडतात. विवरणपत्र भरा, आयकर खात्याच्या २६एएस तक्त्यात आकडा दिसतो का ते पाहा आणि परतावा मागा.

पालकांनी भेट न देता स्वतःच्या नावानेच गुंतवणूक केली असेल तर परतीचे नियम वेगळे. एलआरएसमधून गेलेली आणि न वापरलेली किंवा परत मिळालेली रक्कम पुन्हा नियमानुसार गुंतवली नाही, तर १८० दिवसांत भारतात आणावी लागते. बँकेने ती थेट परदेशी गुंतवणूक म्हणून नोंदवली असेल तर मुदत ९० दिवसांची असते आणि बँकेला वेगळा अहवाल द्यावा लागतो. म्हणून पैसे आले की आधी बँकेच्या परकीय चलन विभागात जा आणि आवक रकमेचा दाखला घ्या. जितकी वर्षं रक्कम बाहेर होती, तितकी वर्षं निवासी भारतीयाने ती विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवलेली असायला हवी. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यात दहा लाख रुपयांचा दंड आहे. मुलगा अमेरिकेत करदाता असेल आणि पालकांकडून वर्षात एक लाख डॉलरहून जास्त भेट आली असेल, तर त्याने तिथे फॉर्म ३५२० भरलेला हवा. हा फॉर्म राहून गेला तर दंड मोठा असतो, आणि बरेच जण तो विसरतात.

परत येणारी रक्कम पूर्ण मूळ भांडवलाची असेल तर तिच्यावर कर लागत नाही. तिच्यात व्याज मिसळलं असेल तर त्यावर लागतो. म्हणून फंडाकडून दरवर्षीचा के-१ तक्ता मागून ठेवा. मूळ किती आणि नफा किती, हे त्यात दिसतं.

अमेरिकेत २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गोल्ड कार्डाचीही चौकशी आता सुरू आहे. तिथे दहा लाख डॉलर ही सरकारला दिलेली देणगी आहे, गुंतवणूक नव्हे, आणि प्रक्रियेची १५,००० डॉलर फी वेगळी. दिलेल्या देणगीवर परत मागण्याचा हक्क नसतो, हे ध्यानात ठेवूनच कुणी त्या वाटेला जावं.

तुमच्या घरातला अर्ज आज प्रलंबित असेल आणि मन माघारीकडे झुकत असेल, तर माघारीचं पत्र लिहू नका. आधी फंडाला ईमेल पाठवा आणि तीन गोष्टी लेखी विचारा: माझी रक्कम आज एस्क्रोत आहे, फंडात आहे की प्रकल्पात, माघार घेतल्यास परतावा करारातल्या कोणत्या कलमाखाली मिळेल, आणि प्रकल्पाला दिलेलं कर्ज कोणत्या तारखेला फिटायचं आहे. उत्तर आल्यावर ते मुलाच्या वकिलाला आणि बारामतीतल्या तुमच्या सीएला, दोघांनाही दाखवा. वाजवी वेळेत उत्तर आलं नाही, तर पुढचं पत्र वकिलामार्फत जाऊ द्या.